ग्राउंड्समनचा मुलगा

ज्या आकाशवाणीवरून मी आज तुमच्याशी बोलतो आहे, त्याच आकाशवाणीनं मला हॉकीची ओळख करून दिली. ती ओळख कानांची होती. डोळ्यांनी हॉकी पाहायला मला पुढे दोन वर्षं थांबावं लागलं.

साल १९७५. मार्चची १५ तारीख, शनिवार. आमचं अल्लीपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातलं कापूस पिकवणारं गाव. शनिवारची शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी आम्ही पोरं मोकळी. गावात गव्हाची सवंगणी चाललेली, पण ज्यांच्याकडे ट्रान्झिस्टर होता त्यांच्या ओट्यावर त्या दिवशी बरीच माणसं जमली होती. क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध पाकिस्तान. जसदेव सिंग हिंदीतून समालोचन करत होते आणि त्यांच्या आवाजाबरोबर ओट्यावरची माणसं वरखाली होत होती. पहिला गोल पाकिस्ताननं केला. मग पेनल्टी कॉर्नरवर सुरजित सिंगनं बरोबरी साधली. माझ्या शेजारी एक म्हातारबुवा बसले होते. त्यांनी विचारलं, "पेनल्टी कॉर्नर मंजे काय बे? कोपऱ्यात काय भेटते त्यायले?" आम्हा पोरांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. थोड्या वेळानं अशोककुमारनं दुसरा गोल केला. हा ध्यानचंदांचा मुलगा. भारत २-१ असा जिंकला. आम्ही गावभर ओरडत फिरलो, आणि तरीही हॉकीची स्टिक कशी असते हे गावातल्या एकाही पोरानं पाहिलेलं नव्हतं.

आमचे खेळ कबड्डी, खो-खो, विटीदांडू. मैदान म्हणजे शाळेपुढची मोकळी जागा.

स्टिक मी पाहिली ती पुलगावला. माझे मामा तिथल्या दारूगोळा डेपोत मजुरीवर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत एस.टी.नं वर्धा आणि तिथून रेल्वेनं पुलगाव, असा प्रवास करून मी त्यांच्याकडे गेलो. एका संध्याकाळी तारेच्या कुंपणापलीकडे जवान हॉकी खेळताना दिसले. मी तारेला नाक लावून उभा राहिलो. चेंडू लाकडावर आदळतो तेव्हा होणारा तो टणत्कार रेडिओवर मागच्या मागे ऐकू यायचा, तो इथे समोर होता. आत जाऊन खेळावं असं मनातसुद्धा आलं नाही. कुंपणाच्या आतला खेळ आतल्यांचा, एवढं कळण्याइतकं वय झालं होतं.

पुढे मी इतिहास शिकवू लागलो तेव्हा लक्षात आलं की या कुंपणाला इतिहास आहे. हॉकी आपल्याकडे आली ती पलटणींबरोबर. मग ती रेल्वेच्या वसाहतींत गेली, मिशनच्या शाळांत गेली, पोलिसांच्या मैदानांवर गेली. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकसाठी संघ निवडायचा म्हणून कलकत्त्याला प्रांतांचे सामने झाले. त्यात आपला मध्य प्रांतही उतरला होता, ज्यात तेव्हा वर्धा जिल्हा येत असे. मध्य प्रांतातून मायकेल रॉक आणि रेक्स नॉरिस हे दोघे त्या संघात निवडले गेले. जयपाल सिंग कर्णधार असलेल्या, ध्यानचंद ज्यात पहिल्यांदा ऑलिंपिक खेळले त्या संघानं हॉकीचं पहिलं सुवर्णपदक आणलं. म्हणजे आपल्या प्रांताचा त्या सुवर्णपदकात वाटा आहे. पण रॉक आणि नॉरिस हे दोघेही अँग्लो-इंडियन समाजातले. कापसाच्या गावातल्या कुणाला त्या वेळी स्टिक हातात धरायला मिळाली असती, असं मला वाटत नाही. कापूस गावातून रेल्वेनं बाहेर जायचा. पण त्याच रेल्वेच्या वसाहतीत खेळला जाणारा खेळ गावात यायचा नाही.

हे सगळं सांगायचं कारण, मला आज ज्या खेळाडूबद्दल बोलायचं आहे तो कुंपणाच्या आत जन्मला. साहेबाच्या बंगल्यात मात्र नाही. त्याचे वडील कुंपणाच्या आतलं मैदान सांभाळायला होते.

धनराज पिल्ले. जन्म १६ जुलै १९६८, पुण्याजवळच्या खडकीत.

खडकी म्हटलं की आपल्याला १८१७ ची लढाई आठवते, पेशव्यांच्या सैन्याची आणि इंग्रजांची. लढाईनंतर तिथे छावणी वसली. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. त्याच सुमारास मुंबई सॅपर्सची पलटणही खडकीला येऊन राहिली. छावणी आणि कारखाना म्हटलं की त्यांच्यामागून दूरदूरची माणसं येतात. मद्रासकडची, आंध्राकडची कितीतरी कुटुंबं अशी खडकीत येऊन स्थिरावली. धनराजचं घर त्यांतलंच. आईवडील तमीळ, घरातली भाषा तमीळ, आणि ओट्याखाली उतरलं की मराठी आणि हिंदी. आमच्या वर्ध्याकडच्या माणसाला हे चित्र नवं नाही. पुलगावला, नागपूरच्या अंबाझरीला, भंडाऱ्याला, भद्रावतीला अशाच सरकारी वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या शाळांतल्या एकेका वर्गात पाच-सहा भाषा बोलणारी मुलं बसली.

वडील नागलिंगम पिल्ले ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत ग्राउंड्समन होते. ग्राउंड्समन म्हणजे मैदानाचा राखणदार समजू नका. रोलर फिरवणं, पाणी मारणं, चुन्याच्या रेघा आखणं, गोलाच्या जाळ्या बांधणं आणि सगळे खेळून गेले की आवराआवर करणं, हे त्याचं काम. पगार बेताचा. घरात पाच मुलगे, त्यांत धनराज चौथा. आई अंदालम्मा. एवढ्याशा पगारात पाच पोरं वाढवायची तर आईनं त्यांना लवकर कामाला लावावं, असं कुणीही म्हणालं असतं. या बाईनं पाचही जणांना हॉकी खेळायला लावलं. धनराजच्या चरित्राचं नावच, मराठीत सांगायचं तर, 'अम्मा, मला माफ कर' अशा अर्थाचं आहे. संदीप मिश्रा यांनी ते इंग्रजीत लिहिलं आणि २००७ साली प्रसिद्ध झालं. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या चरित्राच्या नावात सामना नाही की पदक नाही, आई आहे. यावरून काय ते समजावं.

नव्या स्टिका विकत घेणं शक्यच नव्हतं. मोठी माणसं वापरून टाकून देत त्या मोडक्या स्टिका, आणि टाकून दिलेले चेंडू. मैदान मऊ आणि ओलसर. अशा जमिनीवर चेंडू सरळ धावत नाही. कुठे रुततो, कुठे उसळी घेतो. तो ताब्यात ठेवायचा तर मनगट सतत जागं लागतं आणि नजर खाली लागते. ज्याला चांगल्या मैदानाची सवय आहे तो अशा जागी चिडतो. ज्याला सवय अशाच मैदानाची आहे तो शिकतो. माझं आपलं मत असं, की धनराजच्या खेळातला तो झपाटा, पळता पळता चेंडू पुढे ढकलून पुन्हा पकडण्याची ती हातोटी, या मैदानानं दिली. हॉकीचे जाणकार कदाचित हसतील. पण ज्यानं नांगरटीच्या ढेकळांत कबड्डी खेळली आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

धनराजचा आदर्श होता मोहम्मद शाहिद. बनारसचा हा खेळाडू १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता, आणि चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा घेऊन जाण्यात त्याच्या तोडीचा त्या काळी क्वचितच कुणी असेल. खडकीतला पोरगा त्याची नक्कल करत होता. नक्कल करण्यात कमीपणा नाही. शाहीर, भजनी, कुस्तीगीर, आपल्याकडे सगळे आधी असेच शिकतात.

पण काळ मात्र उलटा चालला होता, आणि मला या गोष्टीत सगळ्यात जास्त नवल वाटतं ते याचंच. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातव्या स्थानावर गेला. मॉस्कोचं सुवर्ण आलं खरं, पण तिथे बरेच देश बहिष्कारामुळे आले नव्हते. १९८२ च्या डिसेंबरात दिल्लीच्या एशियाडमध्ये पाकिस्ताननं अंतिम सामन्यात आपल्याला ७-१ असं हरवलं. तो सामना देशभर लोकांनी टीव्हीवर पाहिला. पुढच्याच वर्षी, १९८३ च्या जूनमध्ये, कपिलदेवच्या संघानं लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला. गल्लीगल्लीतल्या पोरांनी बॅट हातात घेतली. आमच्या अल्लीपुरातही बॅट तेव्हाच आली, फळकूट तासून केलेली. १९८६ च्या लंडन विश्वचषकात तर भारत हॉकीत शेवटचा आला, बारापैकी बारावा. धनराज त्या वेळी अठरा वर्षांचा होता. शहाण्या माणसानं हॉकी सोडावी असा तो काळ, आणि हा मुलगा त्याच सुमारास हॉकीसाठी घर सोडून मुंबईला निघाला होता.

मुंबईला जायला आधार होता थोरल्या भावाचा. रमेश पिल्ले तिथे लीगमध्ये आर.सी.एफ.कडून, म्हणजे चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडून, खेळत होता आणि भारताकडूनही खेळलेला होता. खत कारखान्याचा हॉकीशी काय संबंध, असं आजच्या तरुण श्रोत्याला वाटेल. तेव्हाच्या मुंबईची हॉकी समजून घ्यायची तर हा संबंध आधी समजून घ्यावा लागतो.

त्या काळी हॉकीत पैसा नव्हता, नोकरी होती. रेल्वे, बँका, विमान कंपन्या, तेल कंपन्या, मोटारीचे कारखाने, सगळ्यांचे संघ. चांगला खेळणाऱ्या मुलाला कंपनी कामावर घ्यायची. हजेरीपटावर नाव, महिन्याला पगार, सरावाला वेळ, सामन्यांना रजा. बदल्यात त्यानं कंपनीची जर्सी घालून चर्चगेटजवळच्या बॉम्बे हॉकी असोसिएशनच्या मैदानावर खेळायचं. प्रेक्षक थोडे, पण जाणकार. समोरच्या संघात ऑलिंपिक खेळून आलेला एखादा तरी असायचाच. म्हणजे वीस वर्षांच्या पोराला आठवड्यातून एकदा तरी आपल्याहून कितीतरी मोठ्या खेळाडूला चकवावं लागायचं. शिकवणी म्हणून याहून चांगली दुसरी कुठली असणार? आणि गरीब घरातल्या मुलाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट ही, की खेळ खेळ म्हणून राहिला तरी आईच्या हातात दरमहा काही पडायचं.

रमेशच्या हाताखाली धनराज आघाडीचा वेगवान खेळाडू म्हणून घडत गेला. मग त्याला महिंद्र अँड महिंद्रनं घेतलं. तिथे त्याला मार्गदर्शन मिळालं जोकिम कार्व्हालो यांचं. कार्व्हालो स्वतः १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळलेले. मुंबईत हॉकी रुजवली ती ख्रिस्ती वस्त्यांनी आणि शाळांनी. कार्व्हालो त्या परंपरेतले, आणि खडकीचा तमीळ पोरगा त्यांच्या हाताखाली. मला तर वाटतं, असं मीलन होणं हे त्या मुंबईचंच वैशिष्ट्य.

१९८९ च्या डिसेंबरात दिल्लीला आशिया चषक झाला. त्या स्पर्धेत धनराज भारताकडून पहिल्यांदा खेळला. वय एकवीस. पहिल्याच स्पर्धेत जादू झाली, असं सांगायला मलाही आवडलं असतं. पण अंतिम सामना भारत पाकिस्तानकडून ०-२ असा हरला. दोन महिन्यांत, १९९० च्या फेब्रुवारीत, लाहोरला विश्वचषक. तिथे भारत दहावा. त्याच वर्षी बीजिंगच्या एशियाडमध्ये रौप्य. १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिक, कर्णधार परगट सिंग, भारत सातवा.

आता ही यादी पाहा. हे एका होतकरू खेळाडूचे पहिले तीन हंगाम आहेत. पदक आलं तरी रौप्य, आणि एरवी सातवं-दहावं स्थान. आपल्याकडे खेळाडूची गोष्ट सांगताना आपण ही वर्षं गाळतो. गरिबी सांगतो, मोडकी स्टिक सांगतो आणि एकदम सुवर्णपदकावर येतो. मधली हार सांगत नाही. वर्गात मीही बरीच वर्षं तसंच सांगत असे. नंतर लक्षात आलं की मुलांना गरिबीची गोष्ट नवी नसते, ती त्यांच्या घरातच असते. हरत असताना रोज सकाळी उठून मैदानावर जाणारा माणूस मात्र त्यांना नवा असतो.

१९९४ च्या सिडनी विश्वचषकात भारत पाचवा आला. स्पर्धा संपल्यावर जगातल्या निवडक अकरा खेळाडूंचा जो संघ जाहीर झाला, त्यात भारताचा एकच खेळाडू होता, धनराज. १९९५ ला अर्जुन पुरस्कार मिळाला. इथे त्याची उमेदवारीची वर्षं संपली असं मी धरतो. पुढची हकिकत तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड. १९९८ ला बँकॉक एशियाडमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवून बत्तीस वर्षांनी सुवर्ण जिंकलं. आणि त्यानंतर लगेच कर्णधार धनराजसह काही खेळाडूंना आणि प्रशिक्षक महाराजकिशन कौशिक यांना वगळण्यात आलं. त्याला विश्रांती असं गोंडस नाव दिलं गेलं. धनराज रागीट, धनराज तोंडाळ, धनराज मैदानावर रडतो, असं पुष्कळ लिहिलं गेलं. ज्या खेळात जिंकल्यावरही घरी पाठवतात, त्या खेळात माणूस रागावला नाही तरच नवल.

अल्लीपूरला शाळेत मी हा धडा पुस्तकात नसताना शिकवायचो. बँकॉकनंतरच्या एका वर्षी सातवीच्या वर्गात एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. त्यानं विचारलं, "सर, त्याच्या बापाजवळ ग्राउंड तं होतं ना?"

मी आधी हसलो. मग म्हटलं, "अरे, ग्राउंड बापाचं नव्हतं, बाप ग्राउंडचा नोकर होता."

"पण होतं ना सर," तो म्हणाला.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या उन्हाळ्यात आम्ही बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून अकरा स्टिका केल्या. चेंडू कपड्याचा, वरून सुतळी गुंडाळलेली. शाळेपुढच्या जागेत मुलं खेळू लागली. नियम मी पुस्तकातून वाचून सांगायचो, आणि पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय हे सांगताना ओट्यावरचे ते म्हातारबुवा आठवायचे. मैदानासाठी जागा मिळावी म्हणून मी एका कार्यालयात अर्ज केला. तिथल्या साहेबांनी विचारलं, "गावात हॉकी कोण खेळतं?" मी म्हटलं, "मैदान झालं की खेळतील." ते म्हणाले, "खेळत असतील तर मैदान देता येईल." तो अर्ज तिथेच राहिला. दोन पावसाळ्यांत स्टिका उलल्या, मुलं दहावी होऊन पांगली.

आता खडकीचीही पूर्वीची व्यवस्था राहिलेली नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. खडकीचा दारूगोळा कारखाना त्यांतल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला. कारखान्याच्या हिशेबात ते बरं की वाईट, हा माझा विषय नाही. मला एवढंच विचारावंसं वाटतं, की कंपनीच्या ताळेबंदात ग्राउंड्समन नावाच्या माणसाची जागा कुठे धरतात?

६ डिसेंबर २०१७ ची रात्र. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर हॉकी वर्ल्ड लीगच्या अंतिम फेरीतला भारत-बेल्जियम सामना. ३-३ अशी बरोबरी झाली आणि शूटआउट सुरू झालं. भारताच्या गोलात आकाश चिकटे उभा होता. भारत जिंकला आणि माझा फोन वाजला. तोच सातवीतला मुलगा, आता पुण्याकडे एका कारखान्यात कामाला असलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाला, "सर, गोलकीपर यवतमाळचा आहे. आपल्या बाजूचा!"

मी म्हटलं, "सेनादलाकडून खेळतो तो."

"मंजे कुंपणातलाच," तो म्हणाला, आणि दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी शाळेची अडगळीची खोली उघडली. अकरातल्या दोन स्टिका शिल्लक होत्या. एकीला वाळवी लागलेली, दुसरी धड होती. ती धड असलेली मी बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवली. मधल्या सुट्टीत सहावीतल्या एका मुलीनं ती उचलली, एक खडा समोर ठेवला आणि घंटा होईपर्यंत तो पटांगणभर हाकत राहिली.